शेवटच्या पाळीचा गडी कसा ठरवायचा

धाराशिव जिल्ह्यात खो-खोचा एक सामना मैदानावर होतो आणि दुसरा चहाच्या टपरीवर. पहिला नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्यांत आटोपतो. दुसऱ्याला घड्याळ नसतं, पंच नसतो आणि त्याचा विषय बहुतेक वेळा एकच असतो: शेवटची पाळी राखावी कुणी? "आमच्या पोरीसारखी पळती कुणाची हाय का सांगा की," असं एकजण म्हणतो. दुसरा दहा वर्षांपूर्वीचा कुठलासा जिल्हास्तर काढतो. तिसरा ग्लास खाली ठेवून उठून जातो. निकाल काही लागत नाही, कारण कुणाच्याच खिशात कागद नसतो.

हा वाद बंद व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. तो नीट व्हावा एवढ्यासाठी, गेली काही वर्षं मैदानाच्या कडेला वही घेऊन बसताना हाताला लागलेली रीत इथं सांगतो.

आधी जरा लांबचा फेरा मारू. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात आघाडी राखायला एक खास गोलंदाज आणतात. त्याला क्लोजर म्हणतात. दिवसभर तो बाकावर बसून असतो आणि सामना अटीतटीला आला की उठतो. सर्वांत भारी क्लोजर कोण यावर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालू आहे. या भांडणाला आकडा पुरवला एका वार्ताहरानं. शिकागोचे जेरोम होल्टझमन यांना १९५९ सालचा एक हिशेब खटकला होता. एल्रॉय फेस या मदतीला येणाऱ्या गोलंदाजाच्या नावावर त्या वर्षी १८ विजय आणि १ पराभव लागला, पण त्यातल्या कित्येक सामन्यांत आधी त्यानंच आघाडी घालवली होती. नंतर त्याच्या फलंदाजांनी सामना सावरला आणि विजय नोंदला गेला त्याच्या नावावर. म्हणून होल्टझमन यांनी 'सेव्ह' नावाचा नवा हिशेब मांडला आणि १९६९ मध्ये तो अधिकृत झाला. आपल्याकडे खो-खोच्या बातमीत 'इतकी मिनिटं संरक्षण, इतके गडी' एवढंच छापून येतं. राखलं कुणी हे त्यातून कळत नाही. होल्टझमनची वही आपल्याला अजून उघडायची आहे.

सुरुवात काम ठरवण्यापासून करा. शेवटच्या पाळीत दोन वेगळी माणसं लागतात आणि टपरीवर निम्मा गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो. एक राखणारा असतो. संघाकडे आघाडी आहे, समोरचे आक्रमणाला बसलेत आणि नऊ मिनिटं काढायची आहेत. दुसरा गाठणारा. संघ मागे आहे, गडी बाद करायचे आहेत आणि घड्याळ पळतंय. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो या लीगची पहिली अंतिम लढत झाली. ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं हरवलं. शेवटच्या क्षणी सूर मारून सामना फिरवणारा सूरज लांडे हा गाठणारा होता. त्याची तुलना पळतीच्या गड्याशी करणं म्हणजे यष्टिरक्षकाला गोलंदाजाच्या तराजूत तोलणं. या लेखात मी राखणाऱ्याबद्दलच बोलतोय, कारण बेसबॉलच्या क्लोजरचं काम तेच आहे.

दुसरी तयारी वहीची. शंभर पानी वही पुरते. स्टॉपवॉचसाठी मोबाईल चालेल, फक्त त्यातलं फेरी नोंदवणारं बटण वापरायचं. गुणलेखकाच्या टेबलाजवळ बसा, पण त्याच्याशी बोलू नका. त्याचं काम तुमच्यापेक्षा अवघड आहे. पळणाऱ्या संघाला तुकड्यांचा क्रम त्याच्याकडे आधी द्यावा लागतो. तो क्रम फलकावरून उतरवून घ्या: तीन तुकड्या, प्रत्येकीत तीन नावं.

आता प्रत्येक गड्यासमोर दोन वेळा लिहा. पहिली, तुकडी आत आल्यापासून तो बाद होईपर्यंतची. दुसरी, आधीचा गडी बाद झाल्यापासून हा बाद होईपर्यंतची. या दोन वेळांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि सगळी गंमत त्या फरकातच आहे. तिघंजण एकदम आत असतात, पण आक्रमक एका वेळी एकाच्याच मागे लागतो. बाकीचे दोघं तोवर कडेला पावलं टाकत दम खात असतात. पाच मिनिटं 'आत' असलेला गडी प्रत्यक्षात पन्नास सेकंदच पळालेला असू शकतो.

म्हणून तिसराही एक रकाना ठेवा: 'मागे कोण'. आक्रमकानं लक्ष्य बदललं की लहानशी खूण करायची. सुरुवातीला हे जमणार नाही, हात मागे पडेल. दोन-तीन सामन्यांनंतर डोळ्याला सवय होते आणि मग आपल्यालाच धक्के बसू लागतात.

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. त्याला मी 'मागणी' म्हणतो.

शेवटच्या पाळीआधीची आघाडी नेहमी फसवी दिसते. तीन पाळ्या संपलेल्या असतात, म्हणजे एका संघानं दोनदा आक्रमण केलेलं असतं आणि दुसऱ्यानं एकदाच. चांगल्या संघांच्या सामन्यातही एका पाळीत आठ-दहा गडी बाद होणं नवलाचं नाही. त्यामुळे "सहा गुणांची आघाडी होती, तरी हरले" असं कुणी हळहळत म्हणालं तर त्याला विचारा, सहा म्हणजे पुष्कळ हे कुणी सांगितलं? सहाची आघाडी ही खरं तर पिछाडीच आहे, फक्त फलक अजून तसं दाखवत नाही.

हिशेब सोपा आहे. पाळी नऊ मिनिटांची, म्हणजे ५४० सेकंदांची. त्याला आघाडीनं भागा. आघाडी सहाची असेल तर ५४० भागिले ६, म्हणजे ९०. याचा अर्थ दर ९० सेकंदांना एकापेक्षा जास्त गडी जाता कामा नये. पाच गडी गेले तरी एका गुणानं जिंकता येतं, सहावा गेला की बरोबरी आणि जादा डाव, सातवा गेला की खेळ खलास. नऊची आघाडी असेल तर मागणी ६० सेकंदांची. चारची असेल तर १३५ सेकंदांची, आणि ती पेलणारी तुकडी मी फारच क्वचित पाहिली आहे. किशोर-किशोरी गटात पाळी सात मिनिटांची असते, तिथं ५४० च्या जागी ४२० घ्या.

एक काल्पनिक सामना घेऊन हे पाहू. आघाडी सहाची, मागणी ९० सेकंदांची. पहिल्या तुकडीतली पहिली मुलगी १ मिनिट ४० सेकंदांवर बाद झाली. तिनं १०० सेकंद काढले, म्हणजे मागणीपेक्षा १० जास्त. दुसरी २ मिनिटं ४० सेकंदांवर गेली. तिचे ६० भरले, म्हणजे ३० कमी. तिसरी, तिला आपण 'अ' म्हणू, एकटी उरली आणि ५ मिनिटं २० सेकंदांवर बाद झाली. आधीच्या गड्यानंतर तिनं १६० सेकंद काढले. आधीचं वीस सेकंदांचं कर्ज फेडलं आणि वर पन्नास सेकंद शिल्लक टाकली.

दुसरी तुकडी आली. तिच्यातली एक ६ मिनिटं २० सेकंदांवर, दुसरी ७ मिनिटं ३० सेकंदांवर बाद झाली. दोघींनी मिळून १३० सेकंद काढले; लागत होते १८०. अ नं टाकलेली शिल्लक तिथं संपली. आता पाच गडी गेले आहेत, आघाडी एकाची आहे आणि ९० सेकंद बाकी आहेत. मैदानात एकटी 'ब' आहे. ती ते ९० सेकंद काढते, शिट्टी होते, ब नाबाद राहते आणि मुली तिला खांद्यावर घेतात.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय येईल? ब च्या नावापुढं नाबाद, आणि फोटोही तिचाच. टपरीवरही तिचंच नाव. वही मात्र सांगते की ब नं मागणीएवढंच दिलं, ना जास्त ना कमी. अ नं सत्तर सेकंद जास्तीचे दिले. ते नसते तर ब ला ९० च्या जागी १६० काढावे लागले असते.

तरीही ब ला कमी लेखू नका. एका गुणाच्या आघाडीवर, मैदानात सोबत कुणी नाही, आठ बसलेल्या आणि एक धावती अशा नऊजणींविरुद्ध एकटीनं पळणं ही वेगळी गोष्ट आहे. अ एकटी उरली तेव्हा संघाच्या हातात चारची आघाडी होती. ती पडली असती तर पुढच्या तुकडीला सावरायला जागा होती. ब पडली असती तर बरोबरी. म्हणून वहीत आणखी एक आकडा लिहा: गडी पळत होता तेव्हा आघाडी किती उरली होती. या आकड्याला किती वजन द्यायचं हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर या सामन्यात मी अ ला मान देईन, आणि त्यासाठी टपरीवर दोन चहांचे पैसे भरायचीही माझी तयारी आहे.

इथं एक चाळणी लावावी लागते. आघाडी दहाच्या वर असेल तर ती राखण्याला राखणं म्हणू नका. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती आणि जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे. पण ३८ गुणांच्या फरकात राखण्यासारखं काही उरत नाही. तो सामना या वादात आणायचाच नाही. दुसऱ्या टोकाला एक-दोनची आघाडी असेल आणि गेली, तर त्याचा दोषही पळणाऱ्याच्या नावावर टाकू नका. ५४० भागिले एक म्हणजे नऊ मिनिटांत एकही गडी जायचा नाही! माझ्या वहीत मी चार ते नऊ एवढीच आघाडी मोजतो. बेसबॉलवाल्यांनीही अशीच मेख मारून ठेवली आहे: पूर्ण डाव टाकायला आलेल्याला सेव्ह मिळायचा तर आघाडी तीन धावांपेक्षा जास्त असता कामा नये. हौशी लोकांनी आपल्या मैदानाप्रमाणे आकडा बदलावा, मात्र हंगामाच्या मध्ये बदलू नये.

अपयशही लिहायचं. हे सांगायला सोपं आणि करायला जड, कारण आपल्या तालमीतल्या पोराचं अपयश लिहिताना पेन अडतं. मारियानो रिवेराकडं बघा. न्यूयॉर्क यँकीजच्या या गोलंदाजानं ६५२ सेव्ह केले, आणि २०१९ मध्ये बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात निवडताना एकाही मतदारानं त्याचं नाव गाळलं नाही. असं आधी कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. पण २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात शेवटच्या डावात आघाडी घालवली ती याच रिवेरानं. ते कुणी लपवलं नाही. ते लिहिलेलं आहे म्हणूनच बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. तुमच्या वहीत 'किती वेळा राखलं' याच्या शेजारी 'किती वेळा राखायला उभा होता' हेही पाहिजे. पाचपैकी चार हे बारापैकी सातपेक्षा चांगलं दिसतं खरं, पण पाच संधींवर कुणाला राजा करायचं नाही. निदान दहा तरी होऊ द्या, म्हणजे बहुधा दोन हंगाम.

मग येतो प्रशिक्षकाचा भाग, ज्याकडं टपरीवर कुणाचंच लक्ष नसतं. शेवटच्या पाळीत सर्वांत भरवशाचा गडी कितव्या तुकडीत ठेवायचा? पुष्कळ जण त्याला तिसऱ्या तुकडीत राखून ठेवतात. 'शेवटी लागेल' हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण पहिल्या दोन तुकड्या चार मिनिटांत कोसळल्या तर तिसरी आत येते तेव्हा आघाडी गेलेली असते आणि तो हुकमी गडी हरलेला सामना देखणा करत बसतो.

बेसबॉलमध्ये या चुकीचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१६ च्या हंगामात बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटननं ४७ संधींत ४७ सेव्ह केले होते. एकदाही चुकला नव्हता. ऑक्टोबरात टोरोंटोविरुद्ध बाद फेरीचा एकच सामना होता, हरला तो घरी. सामना बरोबरीत जादा डावात गेला. व्यवस्थापक आघाडी मिळण्याची वाट बघत राहिले, कारण क्लोजर आघाडी राखायला असतो अशी रूढी. अकराव्या डावात दुसऱ्याच गोलंदाजाच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासिओननं होमरन मारला आणि बाल्टिमोर ५-२ नं बाहेर गेलं. ब्रिटन बाकावरच होता. आकडा राखायच्या नादात सामना गेला.

म्हणून वहीत प्रत्येक गड्यासमोर तुकडीचा क्रम लिहिणं सोडू नका. पहिल्या तुकडीत जाणाऱ्याला नाबाद राहण्याची संधी क्वचितच मिळते, कारण त्याच्यापुढं पूर्ण नऊ मिनिटं पसरलेली असतात. तिसऱ्या तुकडीतला शेवटच्या चाळीस सेकंदांपुरता येऊन नाबाद राहू शकतो. निव्वळ 'नाबाद' मोजणारा माणूस पहिल्या तुकडीवर अन्याय करतो. माझ्या पाहण्यात शेवटच्या पाळ्या बऱ्याचदा पहिल्या तुकडीनंच राखलेल्या असतात. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

परिस्थितीच्या नोंदी थोडक्यात ठेवा: माती की मॅट, दिवसातला कितवा सामना, ऊन की दिव्यांचा उजेड. मेच्या दुपारी तिसऱ्या सामन्यात काढलेलं दीड मिनिट आणि जानेवारीच्या संध्याकाळी काढलेलं दीड मिनिट सारखं नाही, हे परंड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. समोरच्या आक्रमकांनी किती फाऊल केले तेही लिहा. काही वेळा पळणारा टिकत नाही, आक्रमकच घड्याळ वाया घालवतात. आणि अल्टिमेट खो-खो किंवा विश्वचषकाचे आकडे नेहमीच्या स्पर्धांच्या आकड्यांत मिसळू नका. तिथं मैदानात सात-सात खेळाडू असतात, एका स्पर्शाचे गुण वेगळे, कुठल्याही दिशेला धावू शकणारा वझीर असतो. तो खेळ आपलाच आहे, पण त्याचं माप वेगळं.

पुरस्कारांवरून वाद मिटवायला जाल तर फसाल. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना एकलव्य आणि महिलांना राणी लक्ष्मीबाई पुरस्कार मिळतो, राज्य स्पर्धेत राजे संभाजी आणि राणी अहिल्या. हे सगळे एकूण खेळासाठी आहेत. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली तयार झालेल्या आपल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार होत्या, पुढं तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. त्यांचं मोठेपण सांगायला कुठल्या एका पाळीची गरज नाही. पण म्हणून 'अर्जुन मिळाला, म्हणजे शेवटची पाळीही त्याच राखणार' असा उलटा निष्कर्ष काढणं हे वहीचं काम नव्हे. कर्णधार, अष्टपैलू आणि राखणारा गडी या तीन वेगळ्या खुर्च्या आहेत. कधी एकच माणूस तिन्हींवर बसतो, एवढंच.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक सुचवतो. सर्वोत्कृष्ट संरक्षक, आक्रमक आणि अष्टपैलू अशी तीन बक्षिसं आपण देतोच. चौथं लहानसं ठेवा, शेवटच्या पाळीचं. साडी, बूट, काहीही. अट अशी की आघाडी चार ते नऊमध्ये असावी आणि मागणीपेक्षा सर्वांत जास्त सेकंद ज्यानं दिले त्याला ते मिळावं. गुणपत्रिका तुमच्याकडं असतेच; फक्त दोन रकाने वाढवायचे आहेत. किशोर गटात मात्र हे बक्षीस जाहीर करा आणि अपयशाचा रकाना मिटून ठेवा. तेरा वर्षांच्या पोराचं नाव 'यानं सामना घालवला' म्हणून टपरीवर फिरू नये.

आणि प्रत्यक्ष वाद घालायला बसाल तेव्हा आधी सगळ्यांना आपापलं नाव चिठ्ठीवर लिहायला लावा, मग वही उघडा. उलटं केलं तर वही वाचून सगळेच 'मी तेच म्हणत होतो' म्हणतात.

माझ्याच चिठ्ठीची गोष्ट. कळंबकडच्या एका मैदानावर मी सलग दोन हंगाम बसलो होतो. माझ्या मते तिथला राखणारा गडी ठरलेला होता: उंच पोरगा, साखळीत सळसळत जायचा, खांबापाशी अशी हुलकावणी द्यायचा की लोक उभे राहायचे. चिठ्ठीवर मी त्याचंच नाव लिहिलं. मग 'मागे कोण' हा रकाना बेरजेला घेतला. त्याच्या तुकडीत एक बुटका, गप्प पोरगा होता. आक्रमक बहुतेक वेळ त्याच्याच मागे लागलेले असायचे, कारण तो सोपा वाटायचा. आघाडी चार ते नऊमध्ये असलेल्या अकरा पाळ्यांपैकी आठ पाळ्यांत उंच पोरापेक्षा जास्त सेकंद त्यानं काढले होते. मी वही दोनदा तपासली. मग चहावाल्याला सांगितलं, आजचे पैसे माझ्याकडे.